गाडीमागचा सायकल रॅक दर सहलीत ढिला पडतो? नवा घेण्याआधी हे तपासा

इंदूरहून निघताना रॅक घट्ट असतो. सायकली पट्ट्यांनी आवळलेल्या असतात, मुलं खूश असतात. महू मागे पडलं की आरशात मागच्या सायकली डुलताना दिसू लागतात. मानपूरच्या पुढे उतार लागला की मागून खट्‌खट्‌ आवाज येतो. धामनोदला चहाला थांबून पाना फिरवला की सगळं ठीक, आणि महेश्वरहून परतताना पुन्हा तेच. गाडीच्या टो-हिचवर, म्हणजे मागे काही ओढायला बसवतात त्या लोखंडी जोडणीवर, रॅक लावणारी जी कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची ही तक्रार आहे. काही जण वैतागून रॅक विकतात आणि महागाचा घेतात. थोड्या दिवसांनी तोही हलायला लागतो.

कारण हलणारी गोष्ट बहुतेक वेळा रॅक नसतेच. रॅकचा दांडा ज्या चौकोनी नळीत शिरतो, त्या रिसीव्हरमध्ये ती गडबड असते. उरलेली गडबड मुलांच्या सायकलींमध्ये असते, कारण त्या सायकलींचा विचार न करताच रॅक घेतलेला असतो. या दोन जागा नीट पाहिल्या तर स्वस्तातला रॅकही वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. म्हणून आधी दुरुस्ती सांगतो, मग निवड. ज्यांनी अजून रॅक घेतलेला नाही त्यांनीही दुरुस्तीचा भाग वाचावा, त्यांचे पैसे तिथेच वाचणार आहेत.

नेमकं काय हलतंय?

सायकली उतरवा. रिकामा रॅक, त्याचा दांडा रिसीव्हरमध्ये अडकवणाऱ्या पिनसकट, जागेवर राहू द्या. हँडब्रेक ओढा आणि रॅकचं सगळ्यात मागचं टोक धरून आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली आणि शेवटी स्टिअरिंग फिरवावं तसं पिळून हलवा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी खाली बसून बॅटरीच्या उजेडात बघायला सांगा. बोट मात्र कुणालाही आत घालू देऊ नका.

हिच ज्या बोल्टांनी गाडीच्या चॅसीला धरलेला असतो तिथे हालचाल दिसली, तर त्या दिवशी रॅक वापरूच नका. दांडा आणि रिसीव्हर यांच्या मध्ये फट उघडमीट करत असेल, तर तो या लेखाचा मुख्य विषय. रॅकचा उभा खांब जिथे दुमडतो त्या पिनपाशी खुळखुळ असेल, तर तिथला बोल्ट आणि नायलॉनचा वॉशर झिजलेला असतो आणि तो बदलणं सोपं असतं. यातलं काहीच हलत नसेल आणि रस्त्यावर फक्त सायकली डुलत असतील, तर दोष पट्ट्यांचा आणि सायकलींच्या मापाचा.

फट येते कुठून

परदेशी मापाचे रिसीव्हर मुख्यतः दोन प्रकारचे असतात: आतून सव्वा इंच, म्हणजे ३१.८ मिमी, आणि आतून दोन इंच, म्हणजे ५०.८ मिमी. बाजारात मिळणारे बरेचसे रॅक यांपैकी एका मापाचे असतात. युरोपी धाटणीचे काही रॅक ५० मिमीच्या गोळ्यावर, म्हणजे टो-बॉलवर बसतात, त्यांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे फार थोड्या कौटुंबिक गाड्यांना कंपनीचा रिसीव्हर येतो. त्यामुळे इंदुरात होतं असं, की रॅक ऑनलाइन मागवला जातो आणि हिच सांवेर रोडच्या किंवा पोलोग्राउंडच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला जातो. मिस्त्री लोहा मंडीतून चौकोनी पाइप आणतो. पाइपचं माप बाहेरून सांगतात, आणि घोळ इथेच होतो.

६० बाय ६० चा, ४ मिमी जाडीचा पाइप घेतला तर आतून ५२ मिमी उरतात. दांडा साधारण ५० मिमीचा. म्हणजे २ मिमीची फट. ५ मिमी जाडीचा घेतला तर आतून बरोबर ५० उरतात, पण पाइपच्या आत वेल्डिंगची उभी शिवण असते आणि कोपरे गोल असतात, त्यामुळे दांडा आत जात नाही. मग मिस्त्री पातळ पाइप घेऊन मोकळा होतो आणि सांगतो, "भिया, आराम से जाएगा." आराम से जातो, हाच त्रास.

दोन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण ५० चा चौकोन ५२ च्या चौकोनात फिरवून पाहा: तो दोन्ही बाजूंना सव्वादोन-सव्वादोन अंश पिळतो. मोठी सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास लांब असते, आणि ती रॅकवर आडवी बसते. म्हणजे मधल्या दांड्यापासून चाकाचं टोक साधारण ८७ सेंटीमीटर दूर. तिथे त्या सव्वादोन अंशांचे साडेतीन सेंटीमीटर होतात, एकदा वर आणि एकदा खाली. आरशात दिसणारं डुलणं ते हेच. रॅक कितीही महागाचा आणला तरी या फटीत तो असाच पिळणार. गुळगुळीत पिन असेल तर ती दांड्याला फक्त बाहेर निघू देत नाही. पिळणं थांबवणं तिचं काम नाही.

फट बुजवायची कशी

पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय म्हणजे आट्यांची पिन. यात दांड्याच्या आत नट बसवलेला असतो आणि पिन आवळली की दांडा रिसीव्हरच्या एका भिंतीला ओढला जातो. खाली जाड स्प्रिंग वॉशर हवा. तुमच्या रॅकबरोबर साधी पिन आणि ती निसटू नये म्हणून लावायची तारेची आर-क्लिप आली असेल, तर आधी ही बदला. बदलताना बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला आहे ना, हे बघून घ्या. डोकं कोरं असेल तर तो साधा बोल्ट, कपाटं जोडायला ठीक.

आट्यांच्या पिनने आडवी हालचाल जाते, पण वर-खाली थोडं राहू शकतं. त्यासाठी यू-बोल्टची पकड लावतात. रिसीव्हरच्या तोंडाशी जो जाड पट्टा असतो त्याच्या मागून यू-बोल्ट येतो, दांड्यावर जाड पोलादी पट्टी बसते आणि दोन नट आवळले की दांडा वरच्या भिंतीला दाबून धरला जातो. तयार मिळाली तर उत्तम, नाहीतर कुठलाही बरा फॅब्रिकेटर बनवून देतो. पट्टी किमान ६ मिमीची हवी, पातळ पट्टी केळीसारखी वाकते आणि आपण मात्र आवळत राहतो.

फट २ मिमीच्या आसपास असेल तर नुसत्या आवळण्यावर विसंबू नका. स्टेनलेस स्टीलच्या, फटीएवढ्या जाड पत्र्याच्या दोन पट्ट्या कापा. लांबी दांड्याच्या आत जाणाऱ्या भागाएवढी, रुंदी ४० मिमी. प्रत्येकीचं बाहेरचं टोक १ सेंटीमीटर काटकोनात वाकवा, म्हणजे ती आत सरकणार नाही. एक खालच्या भिंतीवर, एक पिनच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीवर ठेवा, मग दांडा घाला, मग पिन आवळा. दांडा हाताने न जाता लाकडी ठोकळा ठेवून दोन-तीन ठोक्यांत गेला, तर माप बरोबर आलं. लाकडाची पाचर मारू नका, ऊन लागलं की ती आकसते आणि गळून पडते. सायकलच्या ट्यूबचा तुकडाही इथे चालत नाही. रबर दबतं आणि पुन्हा उसळतं, म्हणून हालचाल राहते आणि पिन ढिली पडत जाते.

आणखी एक सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो: दांडा रिसीव्हरलाच वेल्ड करून टाकू. हे करू देऊ नका. ताण सगळ्यात जास्त जिथे येतो नेमकं तिथलंच लोखंड वेल्डिंगच्या उष्णतेने बिघडतं. शिवाय रॅक मग कधी काढताच येत नाही, आणि रिकामा रॅक मागे काढून राजवाड्याच्या गर्दीत गाडी घालणं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गुडघ्यांशी खेळ.

वेल्डिंगची तपासणी डोळ्यांनी होते. हिचच्या सांध्यांवरचा रंग पुसून स्वच्छ करा. सांध्याच्या कडेने केसाएवढी तपकिरी रेघ दिसली, पुसली तरी पहिल्या पावसात पुन्हा उमटली, तर रंगाखाली चीर आहे आणि तिच्यातून गंज झिरपतोय. वरून आणखी एक टाका मारून ती चीर बरी होत नाही. सांधा पूर्ण घासून, खाचून पुन्हा भरावा लागतो.

बोल्ट फिरतोय की नाही, हे कसं कळणार

हिच चॅसीला धरणारे बोल्ट, पिनचा बोल्ट आणि खांबाचा बोल्ट नीट आवळून झाले की प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या पत्र्यावर मिळून एक सरळ रेघ ओढा. पांढरा ऑइलपेंट चालतो, नेलपॉलिश तर त्याहून सोपं. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पाना लावून "घट्ट वाटतोय" असा अंदाज करण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं. आमच्याकडे हे काम आता मुलांकडे आहे. गाडी थांबली की ती खाली वाकून रेघा मोजून येतात.

नवा बसवलेला हिच पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये बसका घेतो, पावडर कोटिंग दबतं. म्हणून पहिल्यांदा निघाल्यावर राऊच्या आसपास थांबून एकदा आवळायचं. त्यानंतरही रेघा तुटत असतील तर आवळणं हा इलाज नाही, त्या जागी फट आहे किंवा बोल्ट लांबलाय. नायलॉकचे नट दोन-चारदा उघडले की बदला, आतलं नायलॉन धरत नाही.

मुलांच्या सायकली

आता निवडीकडे. कुटुंबासाठी रॅक निवडताना लोक बाबांची सायकल घेऊन दुकानात जातात. न्यायला हवी धाकट्याची.

टांगायचा रॅक सगळ्यात स्वस्त आणि हलका असतो. उभा खांब, त्याच्यावर मागे आलेले दोन हात, आणि सायकल वरच्या आडव्या दांड्याने त्या हातांवर लटकते. मोठ्या माणसाच्या जेन्ट्स सायकलीला हे छान. पण वीस इंची सायकलीचा त्रिकोण इतका लहान असतो की दोन्ही हात त्यातून जात नाहीत. आईची लेडीज सायकल असेल तर वरचा दांडाच नसतो. मग लोक सायकल तिरकी लटकवतात, सुतळीने बांधतात, आणि घाटात तीच सायकल पेडलने शेजारच्या सायकलीचा रंग खरवडते. यावर तोडगा म्हणजे सीटच्या नळीपासून हँडलच्या दांड्यापर्यंत लावायची लांब-आखूड होणारी आडवी नळी. ती तात्पुरता वरचा दांडा होते. हलक्या सायकलीला ती चालते, पण अशा दोन-दोन नळ्या विकत घ्याव्या लागणार असतील तर स्वस्त रॅकचा स्वस्तपणा तिथेच संपतो.

पन्हाळीचा रॅक, ज्यात चाकं पन्हाळीत उभी राहतात, महाग आणि जड असतो, पण सायकलीच्या फ्रेमशी त्याला देणंघेणं नसतं. लेडीज, जेन्ट्स, कार्बनची, सगळ्या चालतात. मात्र दोन अडचणी आपल्याकडच्या सायकलींच्या आहेत. पुढच्या चाकावरून येणारा पकडीचा हात स्टीलच्या मडगार्डवर बसला तर मडगार्ड चेपतो आणि पकडही राहत नाही. ज्या रॅकची पकड फ्रेमला धरते आणि चाकांना फक्त पट्टे असतात, तो आपल्या मडगार्डवाल्या सायकलींना बरा. दुसरं म्हणजे बऱ्याच पन्हाळी वीस इंचांपासून पुढच्या चाकांना केलेल्या असतात. सोळा इंची चाक त्यात नीट बसत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चार जणांच्या घरानेही चार सायकलींचा रॅक घेऊ नये. दोन मोठ्या सायकली बाहेर, लहान आत. सोळा इंची सायकलीचं हँडल सैल करून आडवं फिरवलं की ती हॅचबॅकच्या डिकीतही जाते, वीस इंचीचं पुढचं चाक काढलं तर मागची अर्धी सीट पाडून तीही जाते. दोन सायकलींचा चांगला पन्हाळी रॅक आणि चार सायकलींचा साधा टांगता रॅक यांत पैशांचा फरक असेल, तर तो फरक पहिल्यावर खर्च झालेला बरा. सीएनजीची टाकी डिकीत असेल तर हा बेत बदलतो. तेव्हा तीन सायकलींचा रॅक बघा, आणि सोळा इंची सीटच्या पायथ्याशी.

वजनाचा हिशेब

सायकल हातात धरून घरातल्या वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक म्हणजे सायकलीचं वजन. छापील वजनावर जाऊ नका. आपल्याकडच्या स्टीलच्या सायकली कॅरिअर, बास्केट, साइड स्टँड, पूर्ण चेनकव्हर मिळून सहज पंधरा-सोळा किलो भरतात. जुनी घोडा सायकल वीसच्या पुढे जाते. बॅटरीची सायकल आणखी जड, तिची बॅटरी काढून गाडीत ठेवायची.

धरा, १७, १६, १५ आणि १३ किलोच्या चार सायकली. एकूण ६१. रॅक १६ किलोचा. झाले ७७. हिचवर एक लहान पट्टी असते, तिच्यावर उभ्या भाराची मर्यादा लिहिलेली असते. युरोपी पद्धतीच्या पट्टीवर ती एस या अक्षरापुढे किलोत असते. लहान-मध्यम गाड्यांना ५० ते ७५ हे आकडे नेहमीचे. म्हणजे वरचं कुटुंब आधीच मर्यादेबाहेर. फॅब्रिकेटरने केलेल्या हिचला पट्टीच नसते. अशा हिचवर दोन सायकलींपेक्षा जास्त लादू नये, हे माझं ठाम म्हणणं. खड्ड्यात अचानक बसलेला भार स्थिर भाराच्या किमान दुप्पट ताण देतो, हे यंत्रशास्त्रातलं साधं गणित आहे, आणि आपले रस्ते ते गणित रोज करून दाखवतात.

भार मागे लोंबतो म्हणून आणखी एक गोष्ट होते. ७५ किलोचा भार मागच्या चाकांच्या दीड मीटर मागे असेल आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.७४ मीटर असेल, एर्टिगाचा एवढाच आहे, तर मागच्या चाकांवर ७५ नाही, ११५ किलोच्या वर भार पडतो. पुढची चाकं तेवढ्याच प्रमाणात, ४० किलोने हलकी होतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला भेरूघाटासारख्या वळणांवर स्टिअरिंग सैल वाटायला लागतं ते यामुळे. मागच्या टायरमध्ये पूर्ण भाराची हवा भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या स्टिकरवर असतो. सगळ्यात जड सायकल गाडीला लागून, हलकी सगळ्यात मागे. दांडा लांबवायला जोडनळी मिळते, ती लावली की बरेच उत्पादक मर्यादा निम्मी धरायला सांगतात, म्हणून ती टाळलेलीच बरी.

वेग मी सत्तरच्या पुढे नेत नाही. रस्ता चौपदरी असला तरी.

खाली घासतो

कॉलनीतला स्पीडब्रेकर आणि घरासमोरचा रॅम्प, या दोन जागी रॅक टेकतो. मागच्या चाकापासून दीड मीटरवर रॅकचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर असेल, तर पाचास एकपेक्षा तीव्र उतारावर तो घासणारच. इंदुरात नव्या घरांची जोती उंच आहेत आणि रॅम्प आखूड, त्यामुळे ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. माप घेताना गाडी भरलेली हवी: माणसं, सामान आणि सायकलींसकट. रिकाम्या गाडीचं माप काही सेंटीमीटरने फसवतं.

वर उचललेला, इंग्रजी झेडसारखा दांडा असलेला रॅक घेतला तर हा प्रश्न सुटतो. नसेल तर रॅम्प तिरका उतरा, किंवा सरळ रस्त्यावर उतरून मगच सायकली लादा. आम्ही तेच करतो.

सायलेन्सरचं तोंड पाहायला विसरू नका. धुराचा झोत टायरवर किंवा पट्ट्यावर येत असेल तर तासाभराच्या प्रवासात रबर मऊ पडतं. सायकल उलट दिशेने बसवली तर बहुतेक वेळा काम होतं.

हिच बसवून घेताना

पुढची किंवा मागची ओढण्याची कडी, जिला गॅरेजात हुक म्हणतात, ती बंद पडलेली गाडी ओढायला असते. तिच्यावर रॅक लावायला कुणी तयार झालं तर दुसरं गॅरेज गाठा. हिच चॅसीच्या दोन्ही लांबट पट्ट्यांना, कंपनीने ठेवलेल्या भोकांतूनच धरला पाहिजे. बंपरच्या आतल्या आडव्या पट्टीला किंवा डिकीच्या तळाच्या पत्र्याला नाही. सीएनजी गाडीत ड्रिल चालवण्याआधी गॅसची नळी कुठून जाते हे उघडून बघायला लावा, "पता है" यावर विश्वास ठेवू नका. काही गाड्यांची स्टेपनी डिकीखाली लोंबते. तिथे हिच बसवल्यावर ती स्टेपनी खरोखर उतरते का, हे गॅरेजातच उतरवून पाहा. पंक्चर काढायला रात्री बायपासवर हिच खोलत बसायची वेळ येऊ नये.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी डीलरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

नंबर प्लेट, दिवे आणि रुंदी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत केलेल्या बदलांबद्दल नियम आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुल-बार आणि क्रॅश गार्डवर, म्हणजे बंपरपुढे लावतात त्या लोखंडी नळ्यांवर, कारवाई करायला कळवलं ते याच कलमाच्या आधारे. त्यामुळे कायमचा बाहेर आलेला, टोकदार हिच टाळा. दांडा काढल्यावर रिसीव्हर बंपरच्या आतच राहिला पाहिजे.

नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आहे. ती एकदा बसली की काढून रॅकवर लावता येत नाही, आणि साध्या पाटीवर नंबर रंगवून ती मागे टांगणं तिची जागा घेत नाही. म्हणून रॅक निवडतानाच प्लेट कुठे आहे ते बघा. डिकीच्या दारावर उंच असेल तर पन्हाळीच्या रॅकमागे ती चाकांच्या मधून वाचता येते. बंपरवर खाली असेल तर खांब आणि पन्हाळ बरोबर तिच्यासमोर येतात, आणि मग सायकली उंच लटकवणारा रॅक जास्त सोयीचा. गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन फोटो काढा. फोटोत सगळे आकडे वाचता आले आणि ब्रेकचे तिन्ही दिवे दिसले तर ठीक.

रुंदीचंही तसंच. वॅगनआर १.६२ मीटर रुंद आहे, स्विफ्ट आणि एर्टिगा १.७३५. एकोणतीस इंची चाकांची सायकल १.८ मीटरपर्यंत जाते. वॅगनआरच्या दोन्ही बाजूंना मग नऊ-नऊ सेंटीमीटर चाक बाहेर येतं, तेही आरशात न दिसणाऱ्या जागी. गाडीबाहेर आलेल्या मालासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ (१अ) मध्ये २०,००० रुपयांचा दंड आहे. दंडाहूनही मला काळजी वाटते ती शेजारून कट मारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याची. पुढचं चाक काढून डिकीत टाकलं की सायकलीची लांबी बरीच कमी होते. काटा उघडा राहतो, त्यात चाकाच्या जागी लाकडी ठोकळा बसवा. पकड फ्रेमला धरणारा रॅक असेल तरच हे जमतं.

पट्टे

रॅक घट्ट, बोल्ट घट्ट, तरी सायकली डुलत असतील तर पट्टा बदला. बंजी दोर हा पट्टा नव्हे, तो ताणला जातो आणि मोकळा होतो. २५ मिमीचा रॅचेट पट्टा, म्हणजे खटका मागेपुढे करून आवळायचा पट्टा घ्या, सगळ्या सायकलींच्या फ्रेममधून फिरवून खांबाला आणि मग हिचच्या कडीला बांधा. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो गुणगुणत नाही आणि फडफडून झिजत नाही. उरलेलं टोक गाठ मारून बांधा, लोंबतं सोडलं तर ते चाकाखाली जातं. सायकल सायकलीला जिथे टेकते तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, रबराची खरी जागा ती आहे. सायकली एकाआड एक उलट्या ठेवल्या की हँडल हँडलला भिडत नाही. पेडल मागे फिरवून चेनस्टेच्या, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या, रेषेत बांधून टाका.

पावसाळ्यात रॅक काढून घरात ठेवा. रिसीव्हर आतून कपड्याने पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या आणि तोंडावर प्लॅस्टिकची टोपी बसवा. आत चिखल वाळला की दांडा निम्मा जातो आणि अडतो, भोक भोकासमोर येत नाही, आणि मग हातोड्याने ठोकून पिनच्या आट्या मारल्या जातात. टोपी नसेल तर जाड पिशवी आणि रबर बँडही चालतो.